मदत हवी आहे : युद्धोत्तर उद्योग, सरकारी की खासगी?

सायली_म : परवा निबंध द्यायचाय. सरांनी मसुदा परत पाठवला, शेरा एवढाच : "मग फोक्सवॅगन कुठे बसवणार?" मी दोन रकाने केलेत, सरकारी आणि खासगी. कोणत्या रकान्यात टाकू, पटकन सांगा.

जुना_वाचक : देश कोणते? वर्षं कोणती? १९५० चं उत्तर वेगळं, १९६१ चं वेगळं.

सायली_म : ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी. १९४५ ते ६०.

बंदा_रुपया : सोपं आहे. ब्रिटनने १९४७ ला खाणी, १९४८ ला रेल्वे ताब्यात घेतली आणि मागे पडला. जर्मनीत तिथले अर्थप्रमुख एर्हार्ड यांनी जून १९४८ मध्ये मार्क या नव्या चलनाबरोबर बऱ्याच मालावरचं भावनियंत्रण उठवलं, दुकानं भरली. हेच लिही.

मीटरगेज : हे लिहिलंस तर मसुदा पुन्हा परत येईल. जर्मनीतही रेल्वे सरकारीच होती.

बंदा_रुपया : रेल्वे सगळीकडे सरकारीच असते हो.

मीटरगेज : कुठे? अमेरिकेत खासगी होती. आपली बार्शी लाइट १९५४ पर्यंत कंपनीची होती.

वऱ्हाडी : अन् शकुंतला? यवतमाळ-मूर्तिजापूर. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार सरकारी रेल्वे! स्वातंत्र्यानंतरही तसंच चाललं.

प्राची_के : त्यापेक्षा आपल्याकडचं आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण घे ना. १९५६, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री. मराठीत भरपूर वाचायला मिळेल.

सायली_म : विषय बदलता येत नाही. फोक्सवॅगन??

जुना_वाचक : वऱ्हाडींनी उत्तर दिलंच आहे. मालक कोण आणि चालवतो कोण, हे वेगळे प्रश्न आहेत. १९४९ ला, युद्धानंतर ताबा असलेल्या ब्रिटिशांनी फोक्सवॅगनचा कारखाना जर्मन सरकारच्या हवाली केला, देखरेख लोअर सॅक्सनी राज्याकडे. भागधारक कुणीच नाही, पण कारखान्याचे प्रमुख नॉर्डहॉफ तो खासगी कंपनीसारखाच चालवत होते. १९६० च्या कायद्याने १९६१ मध्ये ६० टक्के भाग लोकांना विकले, केंद्र आणि राज्याने २०-२० टक्के ठेवले. रूर या जर्मन कोळसा-पोलाद पट्ट्यात उलटं : बड्या कोळसा-पोलाद कंपन्या बहुतेक खासगी, पण १९५१ च्या कायद्याने कंपनीच्या देखरेख मंडळावर कामगारांना मालकांइतक्याच जागा. तुझे दोन रकाने मोड.

बंदा_रुपया : तरी भाव बाजारानेच ठरवले ना? मूळ मुद्दा तोच.

मीटरगेज : मग ब्रिटनचा कोळसाही त्याच कसोटीवर तपासा. खाणी सरकारी कोळसा मंडळाच्या, पण भाव वाढवायचा तर मंत्र्यांची संमती लागायची. त्यामुळे खासगी कारखान्यांना कोळसा स्वस्त मिळत राहिला.

सायली_म : म्हणजे खाणी सरकारी आणि फायदा खासगी कारखान्यांना? हे कुठल्या वर्षांपर्यंत धरू?