रायबंदर–पणजी रोजच्या वापराला फिक्स्ड गिअर: करावी की नको?

खारफुटी:
नमस्कार मंडळी. जुनी स्टीलची रोड फ्रेम हाताशी आहे. मागचे ड्रॉपआउट (फ्रेमच्या ज्या खाचांत चाकाचा अॅक्सल बसतो त्या) आडवे, मागची रुंदी १२६ मिमी, चाके २७ इंची. गिअर काढून ती फिक्स्ड करायचा विचार आहे. रस्ता रायबंदर ते पणजी कॉजवेवरून, जाऊन-येऊन साधारण १२ किमी. आठवड्यातून दोनदा आल्तिनोच्या टेकडीवर चढायचे असते. फिक्स्डमध्ये लोकांना एवढे काय आवडते ते कुणीतरी नीट सांगा, दिसायला छान हे कारण सोडून. आणि रोजच्या वापरात काय बिघडते, कशामुळे, तेही. दातांचे गणित काय ठेवू?

पाना_नंबर_पंधरा:
आवडते ते पायांना कळते, डोळ्यांना नाही. मागचा कॉग (दातेरी चकती) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवर, आट्यांनी घट्ट बसलेला असतो; मध्ये फ्री (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) नाही. चाक फिरतेय तोवर पायडल फिरणारच. त्यामुळे पायडल वर-खाली सरळ रेषेत येण्याची जी मेलेली जागा असते तिथून चाकाचा वेगच पाय पुढे ढकलतो. दाब गोल आणि सारखा पडायला लागतो. दुसरे, माणसाच्या चालीएवढ्या वेगात सायकल इतकी ताब्यात राहते की बाजाराच्या गर्दीतही पाय टेकावा लागत नाही. पायावरचा दाब थोडा कमी केला की वेग कमी, ब्रेकला हात लावायची गरज नाही. आणि आवाज शून्य. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) नाही, केबल नाही, फ्रीची टिकटिक नाही.

दातांचे गणित. ७००×२८ टायरचा परीघ साधारण २.१४ मीटर. पुढे ४४, मागे १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत ५.२ मीटर; मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी २८ किमी. ४६ आणि १७ घेतलेत तर ५.८ मीटर, ताशी ३१. तयार मिळणाऱ्या बऱ्याच सायकलींवर ४६ आणि १६ असते. ते सपाट कॉजवेवर सकाळी झकास, पण दुपारनंतर समुद्राचा वारा समोरून आला की जड पडते आणि आल्तिनोवर तर उतरून ढकलाल. तुमच्यासाठी ४४/१८.

२७ इंची चाकांऐवजी ७०० ची लावणार असाल तर रिम ४ मिमी खाली जाते. जुन्या ब्रेकची रबरे तेवढी खाली सरकतात का ते आधी बघा, नाहीतर टायरलाच घासतील.

गंजकाकू:
पंधराबाब म्हणतात ते सगळे खरे, पण कॉजवे आणि मिरामार म्हणजे अख्खा गोवा नव्हे. उताराचे बोला. आल्तिनोवरून किंवा पर्वरीहून मांडवी पुलाकडे उतरताना ताशी ४० किमी सहज होतात. ४४/१८ वर ४० म्हणजे मिनिटाला १२८ फेऱ्या. पाय थांबवता येत नाहीत, थांबवायचा प्रयत्न केलात तर पायडल गुडघा उचलून फेकते. म्हणजे चढाला हलका घेतलेला गिअर उताराला सूड घेतो. जड घेतला तर उलट. एका गिअरला यावर औषध नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच पुढच्या ब्रेकने वेग २० च्या आत आणायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. पायांनी उलटा जोर देऊन रोज उतार उतरणे गुडघ्यांना महागात पडते, कारण स्नायू ताणला जात असतानाच भार घेत असतो.

दुसरा त्रास वळणाचा. पणजीत सिग्नल कमी आणि सर्कल जास्त. सर्कलवर सायकल कलली असताना आतले पायडल खाली येतेच, रस्त्याला टेकले की मागचे चाक उचलले जाते. १७० ऐवजी १६५ मिमीचे क्रँक (पायडलचे दांडे) लावा, ५ मिमी बारीक वाटतात पण फरक पडतो. स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांवर पायडल आडवी धरून उभे राहता येत नाही. क्रँक आडवे होतील तो क्षण साधून अंग हलके करायचे, फेरी चालूच. हंप लागोपाठ तीन असतील तर चाल बिघडते.

आणि कपडे. रेनकोटचे टोक किंवा पँटची उजवी बाजू चेनमध्ये गेली तर साध्या सायकलवर पाय थांबवून काढता येते. इथे चेन ओढतच राहते. रेनकोट कमरेपर्यंतचाच, बुटांच्या नाड्या आत खोचलेल्या.

खारफुटी:
बाप रे. बरे, एक विचारायचे राहिले. सायकलवाला म्हणतो नवीन हब कशाला, जुन्या हबचा फ्री काढून त्याच आट्यांवर कॉग चढवतो, वर बॉटम ब्रॅकेटची (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगची) रिंग आवळतो आणि गोंद टाकतो. हजार रुपये वाचतात म्हणे. चालेल?

पाना_नंबर_पंधरा:
नको. अजिबात नको. आटे तेच, १.३७ इंच, इंचाला २४, म्हणून कॉग चढतो आणि लोकांना वाटते जमले. पण खऱ्या ट्रॅक हबला कॉगच्या बाहेर एक लहान पायरी असते, तिच्यावर उलटे आटे. तिथे लॉकरिंग बसते. तुम्ही उलटा जोर दिलात की कॉग सुटायच्या दिशेने फिरतो, आणि त्याच फिरण्याने लॉकरिंग आणखी आवळते. फ्रीच्या हबला ही पायरीच नाही. तिथे लावलेली रिंगही सुलट्या आट्यांची, म्हणजे कॉग सुटला की तीही बरोबर सुटणार. गोंद पाय चालू आहेत तोवर टिकतो, एकदा जोरात थांबवलेत की जातो. आणि नेमके तेव्हाच थांबायचे असते.

फ्लिप-फ्लॉप हब घ्या, एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्री. तो बहुधा १२० मिमी रुंद येतो. तुमच्या १२६ साठी अॅक्सलवर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे वॉशर टाका, अॅक्सल तेवढा लांब आहे ना बघा. नटांनी फ्रेम दाबून जागा भरू नका.

बसवताना हबचे आटे ब्रशने साफ, त्यावर ग्रीस, कॉग आधी हाताने. हाताने तीन फेरे सरळ गेला नाही तर आटे चुकलेत, जोर करू नका. मग चेनच्या तुकड्याच्या पान्याने आवळा, त्यावर लॉकरिंग डावीकडे फिरवून. आता पुढच्या ब्रेकच्या भरवशावर, उलटा जोर अजिबात न देता, एखाद्या चढावर उभे राहून दहा-बारा जोरदार फेऱ्या मारा. कॉग अजून थोडा आत बसतो आणि लॉकरिंग सैल पडते. ती पुन्हा आवळा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि आठवड्याने आट्यांचा भुगा घेऊन येतात.

चेनलाइन, म्हणजे चेन पुढून मागे सरळ धावते का, ते मोजा. सीट ट्यूबच्या मध्यापासून चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चकतीच्या) दातांपर्यंत आणि मागे अॅक्सलच्या मध्यापासून कॉगपर्यंत, दोन्ही ४२ मिमीच्या आसपास, फरक २ मिमीच्या आत. जुन्या दोन चेनरिंगच्या क्रँकवर आतली जागा बहुधा जुळते. चेनलाइन तिरकी असेल तर चेन पडते, आणि फिक्स्डवर पडलेली चेन कॉग आणि फ्रेममध्ये अडकून मागचे चाक जागीच जाम करते.

म्हापसा_नोब्रेक:
एवढे घाबरवू नका हो नव्या माणसाला. पुढे झुकायचे, मागचे चाक हलके करायचे, पाय अडवायचे, स्किड. झाला ब्रेक. ट्रॅकवर ब्रेक नसतातच. फक्त स्किडच्या जागा मोजून दाते घ्या: ४८/१६ म्हणजे सरळ ३, म्हणून जागा एकच, टायर दर वेळी तिथेच घासणार. ४४/१६ मध्ये चार जागा. ४४/१८ मध्ये अठरा.

गंजकाकू:
४४/१८ मध्ये नऊ. २ ने भाग जातो, २२/९ उरतात, खालचा आकडा ९, तेवढ्याच जागा. अठरा नव्हे. नेहमी एकच पाय पुढे न ठेवता कधी डावा, कधी उजवा पुढे ठेवून स्किड करणाऱ्यांच्या जागा दुप्पट होतात, पण वरचा आकडा विषम असेल तरच. २२ सम आहे.

ट्रॅकवर ब्रेक नसतात, तसेच तिथे रिव्हर्स घेणारी पर्यटकांची भाड्याची गाडीही नसते. थांबताना वजन पुढे जाते, मागच्या चाकावर काही उरत नाही. ताशी २५ वरून कोरड्या डांबरावर पुढचा ब्रेक नीट वापरला तर साधारण ५ मीटर, नुसते मागचे चाक अडवून साधारण १०. स्किडमध्ये त्याहून जास्तच. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनी फिक्स्ड चाक मागच्या ब्रेकच्या जागी चालते, पुढचा मात्र हवाच. ते शहाणपण आहे, भित्रेपणा नाही.

आणि पावसाचे कुणीच बोलले नाही. जून ते सप्टेंबर लाल चिखल चेनवर बसतो, तेलाबरोबर त्याची घासकाम करणारी पेस्ट होते. उरलेले आठ महिने खारी हवा. इथे डिरेलर नाही, त्यामुळे चेन झिजली की ढील कुणी ओढून घेत नाही. फूटपट्टीने मोजा: बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच हव्यात. १/१६ इंच वाढ दिसली की चेन बदला. १/८ पर्यंत थांबलात तर कॉगही गेला. भिजून आलात की त्याच दिवशी कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल. पण स्टँडवर चाक फिरवत फडके धरू नका! फिक्स्ड चाक फडक्याला थांबत नाही, बोट कॉगमध्ये ओढून नेते. एक फूट चेन पुसा, हात बाहेर काढा, चाक फिरवा, पुढचा फूट.

पावसाळ्यात फ्रीची बाजू लावा. १८ दात्यांचाच फ्री घेतला तर चेन तीच बसते. एका दाताचा फरक असेल तर चाक फक्त ३ मिमी सरकते. मात्र फ्रीवर मागचा ब्रेक लावावाच लागेल, त्याची केबल आधीच ओढून ठेवा. फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी रॅम्पवर दोन्ही बाजूंनी उतरूनच चाला.

म्हापसा_नोब्रेक:
नऊ मान्य. ब्रेकवर आपण वेगळे.

खारफुटी:
फ्लिप-फ्लॉप हब, ४४/१८, १६५ चे क्रँक, पुढचा-मागचा ब्रेक. चेन किती आवळायची?

पाना_नंबर_पंधरा:
मधोमध बोटाने वर-खाली १० ते १५ मिमी हलली पाहिजे. क्रँक हळू फिरवत बघा, एका जागी कडक आणि दुसऱ्या जागी ढिली असेल तर चेनरिंग मध्यात नाही. तिचे बोल्ट अर्धे सैल करा, कडक जागी चेनवर पान्याच्या मुठीने हलके टोका, पुन्हा आवळा. कडक जागेला १० मिमी राहील असे चाक लावायचे. ढिल्या जागेच्या मापाने लावलेत तर बेअरिंग खाल. मागचे नट १५ नंबरचे, एका वेळी एकच सैल करून चाक डावी-उजवीकडे चालवत मागे न्या. तुमचे ड्रॉपआउट पुढे उघडणारे आहेत, म्हणून उजवा नट कच्चा राहिला तर चढावर चाक पुढे ओढले जाते. पहिले २० किमी झाले की दोन्ही नट आणि लॉकरिंग परत तपासा, आणि पायडलना टोक्लिप-पट्टे (पाय पायडलवर धरून ठेवणारे) लावल्याशिवाय उतारावर जाऊ नका. पाय सुटला तर फिरत्या पायडलवर तो परत ठेवता येत नाही, पिंढरी मात्र सोलून निघते.