"बी.ए. म्हणजे तीन वर्षं पाण्यात" म्हणणाऱ्यांना

दसराचौक:
काल इथं एकानं लिहिलं, "बी.ए. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. पोराला शिरोलीतल्या कारखान्यात व्हीएमसी मशीनवर (धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर) लावा." रात्री झोप लागली नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंग उभी केली त्या कोल्हापुरात हे वाचायचं? मी इतिहास घेतलेला. सरांनी एकाच लढाईची दोन पत्रं पुढं ठेवली, एकमेकांच्या उलट. म्हणाले, "खोटं कोण बोलतंय आणि का, सांगा." वीस वर्षं झाली. आजही मोबाईलवर भडक काही आलं की पुढं पाठवायच्या आधी अंगठा थांबतो.

उद्यमनगर:
भावा, ते मीच लिहिलं. महाराजांचं नाव घेतोस तर पुरतं घे. २६ जुलै १९०२ चा हुकूम कशाचा? रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांना. म्हणजे नोकरीच की! माझा पुतण्या बी.कॉम. झाला, कॉलेज बघितलं परीक्षेपुरतं. वर्कशॉपमध्ये आला तर व्हर्नियरवरचं माप वाचता येईना. धाकटा आयटीआयवाला ड्रॉइंग बघून एकटा मशीनचं सेटिंग करतोय.

दसराचौक:
हुकूम मान्य. पण १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते नांगर धरणाऱ्याच्या पोरालाही. त्याला कुठली नोकरी लागणार होती?

उद्यमनगर:
ते प्राथमिक. कॉलेजचं बोल.

तासिकावाला:
विचार करायला शिकवायचं म्हणता, शिकवणार कोण? मी नेट, पीएच.डी. तासिका तत्त्वावर अकरावं वर्ष. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं. मे महिन्यात शून्य रुपये. तास संपल्यावर पोरगं शंका घेऊन आलं तर त्याच्याशी चालत चालत बोलतो, नाहीतर एसटी चुकते.

उद्यमनगर:
बघा, एवढं शिकून ही गत!

तासिकावाला:
माझ्या पोटावर पाय देऊन माझाच विषय मारू नका. पदं मंजूर आहेत, भरत नाहीत. त्यात इतिहासाचा काय दोष?

उद्यमनगर:
आवाज चढवू नका सर. पण हे चूकच आहे. माझ्या हेल्परलासुद्धा पगारी सुट्टी आहे.

दसराचौक:
आणि ज्या पुतण्याला तीन वर्षं असा सर भेटलाच नाही, त्याच्यावरनं तू कॉलेज मोजतोस.

बावडा_एसटी:
सगळे पोरांचंच बोलताय. बारावी झाल्यावर मला बघायला पाहुणे आले. "कॉलेज चालू आहे" एवढं एकच आईला पुढं करता आलं. तीन वर्षं मिळाली. नोकरी नाही लागली, ब्लाऊज शिवते. पण गेल्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा कागद मागितला आणि उभी राहून मोठ्यानं वाचला. पाईपची रक्कम दोनदा धरलेली. बायका माझ्या मागं उभ्या राहिल्या. मला व्हीएमसीवर कोण लावणार होतं दादा?

उद्यमनगर:
ताई, पोरींचं मी धरलंच नव्हतं. तुमचं खरं. माझ्या पोराचं मात्र ठरलंय, तो आयटीआयलाच जाणार. पोरगी बारावीला आहे, तिला इतिहास पाहिजे म्हणते. बघू.

तासिकावाला:
घाला तिला. पण प्रवेश घेताना विचारा, इतिहासाला कायम प्राध्यापक किती आहेत.