शब्दचर्चा: सेनापतीने शत्रूशी ‘संधान बांधणे’

प्रश्न: मुलीच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय आहे ‘लष्कर आणि लोकशाही’. अमेरिकेचे तत्कालीन संयुक्त सेनादलप्रमुख जनरल मार्क मिली यांनी चीनच्या जनरल ली झुओचेंग यांना फोन केले होते. त्याबद्दल एका कात्रणात ‘चीनशी संधान बांधले’ असं छापलंय. हा शब्द चालेल का?

प्रतिसाद: भाषणात तरी वापरू नका. ‘संधान बांधणे’ म्हणजे आपल्या माणसांच्या नकळत, काही मतलब ठेवून पलीकडच्याशी जुळवून घेणं. मुळात संधान म्हणजे जोडणं. शरसंधानात बाण दोरीला लावतात, तेच हे. पण आज ‘त्यानं विरोधकांशी संधान बांधलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला संशय येतोच. ‘फितुरी’ तर थेट आरोपच.

मिलींनी 30 ऑक्टोबर 2020 आणि 8 जानेवारी 2021 ला फोन केले. अमेरिका हल्ला करील अशी धास्ती चीननं घेतल्याच्या गुप्तवार्ता होत्या, ती घालवायची होती, आणि संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाला विश्वासात घेऊनच फोन केले, अशी साक्ष त्यांनी सप्टेंबर 2021 मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली. ट्रम्प यांच्या गोटातून मात्र देशद्रोहाचा आरोप झाला. एक गोष्ट मुलीला जरूर सांगा: तिथल्या कायद्यानं संयुक्त सेनादलप्रमुखाचं पद सल्लागाराचं आहे. हुकूम राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तिथून थेट त्या त्या आघाडीच्या सेनापतीकडे जातो. म्हणूनच फोन कुणाच्या मुखत्यारीनं केला, यावर एवढं रण माजलं. ‘संधान’ म्हटलं की त्याचा निवाडा आधीच होऊन बसतो.

मुखत्यारी हा आपला जुना, कामाचा शब्द आहे, तो भाषणात यावा असं मला मनापासून वाटतं. मिर्झाराजे जयसिंहांनी 1665 मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला तो औरंगजेबाकडून तसे अधिकार घेऊन. उलट अमेरिकेचे जनरल मॅकार्थर. कोरियाच्या युद्धात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन तहाच्या प्रस्तावाची जुळवाजुळव करत होते, आणि 24 मार्च 1951 ला मॅकार्थरनी शत्रूच्या सेनापतीला रणभूमीवर भेटायची तयारी जाहीर करून टाकली, वर चीनला धमकावलंही. 11 एप्रिलला त्यांना पदावरून काढलं. यालाही संधान म्हणता येणार नाही, कारण सगळं उघड होतं. इथे नेमका शब्द ‘परस्पर’. मिलींनी परस्पर केलं का, हा वाद. मॅकार्थरनी परस्पर केलं, यात वाद नाही.

आपल्याकडचं उदाहरण 10 मे 2025 चं. पाकिस्तानच्या डीजीएमओंनी (लष्करी कारवायांचे महासंचालक) दुपारी 3:35 ला आपल्या डीजीएमओंना फोन केला, पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं. भारताच्या वतीनं जाहीर कुणी केलं? परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी. बोलले लष्करी अधिकारी, देशाला सांगितलं सरकारनं. ‘संधान’ हा शब्द तिथे कुणाच्या मनातही आला नसेल.

दुसरा प्रतिसाद: आमचं घर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड. कन्नडमध्ये ‘संधान’ म्हणजे सलोख्याची बोलणी, मध्यस्थी. तुम्ही ‘कृष्णशिष्टाई’ म्हणता, ते तिकडे ‘कृष्ण संधान’. हीच बातमी मी आईला वाचून दाखवली तर म्हणाली, “मग चांगलंच केलं की त्यानं!” तिला त्यात काही वावगं दिसेना. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे याच प्रसंगाला ‘रायबारं’ म्हणतात. तेव्हा सोलापुरात भाषण असेल तर हा शब्द टाळलेलाच बरा, निम्म्या सभेला उलटा अर्थ लागेल.

प्रश्नकर्ता: हे ध्यानातच आलं नव्हतं. ‘परस्पर’ घेते. आणि सिव्हिलियन कंट्रोलला ‘नागरी नियंत्रण’च ना?

प्रतिसाद: रूढ आहे, चुकत नाही. पण ‘नागरी’ म्हटलं की इथे नळाचं पाणी आणि कचरा आठवतो. ‘मुलकी’ जास्त नेमका: मुलकी आणि लष्करी ही जोडी जुनीच आहे. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा गावचा मुलकी कारभार बाजूला सारून शहर लष्कराच्या हाती दिलं होतं. त्याच प्रकरणातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या मुलीला हे उदाहरण बाहेर शोधावं लागणार नाही. ‘लष्करावर मुलकी सत्तेचा अंकुश’ असं लिहा.