अमेरिकन क्रांतीतली धान्यबंदी: शत्रूविरुद्ध की शेजाऱ्याविरुद्ध?

गोदाकाठ
तेरा वसाहती एकजुटीनं इंग्रजांशी लढल्या, असं आपण शिकतो. त्याच काळात त्या एकमेकींचं धान्यही अडवत होत्या. डिसेंबर १७७६मध्ये इंग्रजांनी ऱ्होड आयलंडचं न्यूपोर्ट घेतलं. न्यूपोर्ट ज्यावर वसलंय ते चांगल्या जमिनीचं बेट गेलं, वर तिथले निर्वासित मुख्य भूमीवर आले. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये धान्य होतं, पण ते राज्याबाहेर न्यायला बंदी! ही बंदी शत्रूपेक्षा शेजाऱ्यालाच जास्त जाचली, असं माझं ठाम मत आहे.

माळरान
असहमत. कागदी डॉलर घसरत होता. मार्च १७८०मध्ये तर काँग्रेसनंच, म्हणजे सगळ्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेनंच, चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर हा भाव मान्य केला. अशा वेळी सीमा मोकळ्या ठेवल्या असत्या, तर साठेबाजांनी सैन्यासाठी काय शिल्लक ठेवलं असतं? काँग्रेसनंही १० जून ते १५ नोव्हेंबर १७७८ गहू, पीठ, तांदूळ, मांस, गुरं यांची निर्यात रोखली होती. आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज इथं तळ ठोकून बसलेल्या आपल्या बाजूच्या, म्हणजे अमेरिकन, उपाशी सैन्याला गुरं पाठवली ती याच कनेक्टिकटनं, हे विसरू नका.

गोदाकाठ
काँग्रेसची बंदी सगळ्यांसाठी होती. एका राज्यानं दुसऱ्याला अडवणं वेगळं. आणि व्हॅली फोर्जचंच बघा ना. तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर, फिलाडेल्फियात, इंग्रज रोख सोनं मोजत होते. पेनसिल्व्हेनियातले शेतकरी लपूनछपून माल तिकडे नेत होते. गस्ती घातल्या, माल जप्त केला, शिक्षा दिल्या, तरी ते थांबलं नाही. बंदी पाळणारा तेवढा नुकसानीत गेला.

सांजवेळ
काँग्रेसला राज्यांमधल्या व्यापारावर अधिकारच नव्हता; मार्च १७८१ला लागू झालेल्या संघराज्याच्या करारानंही तो दिला नाही. मग कनेक्टिकटचे गव्हर्नर ट्रंबुल यांनी आधी आपल्या लोकांचं पोट पाहिलं, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

गोदाकाठ
द्यायचाच. ऱ्होड आयलंडचे लोक काही परके नव्हते, त्यांची मुलं त्याच सैन्यात लढत होती. पुढे १७८७च्या राज्यघटनेनं राज्यांमधल्या व्यापाराचं नियमन काँग्रेसकडे दिलं, ते उगीच नाही.

माळरान
घटना लिहिली गेली ती लढाई संपल्यावर. समुद्रमार्गे निघालेलं धान्य इंग्रज आरमाराच्या हाती पडत होतं. बंदी नको, तर ते रोखायचं कसं, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.