‘ग्लायसिन सोजा’ नावाच्या नोंदी: नकाशाआधी शीट बघा
‘ग्लायसिन सोजा’ हे रानसोयाबीनचं शास्त्रीय नाव. पण त्या नावाने हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाच्या) नोंदी उतरवल्या की रानसोयाबीन कुठे वाढतं याचा नकाशा तयार, हे पटत नाही. लागवडीच्या सोयाबीनलाही पूर्वी ‘ग्लायसिन सोजा’च म्हणत, ‘ग्लायसिन मॅक्स’ हे त्याचं आजचं नाव 1917चं. त्यामुळे भारतातल्या जुन्या शीटांवरचा (वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदांवरचा) ‘सोजा’ बहुधा शेतातलाच. उलट रशिया-चीन सीमेवरच्या उसुरी नदीच्या खोऱ्यातले अस्सल रानटी नमुने ‘ग्लायसिन उसुरिएन्सिस’ (1861) या जुन्या नावाखाली दडलेले असतात, तेही शोधा.

मग शीटचा फोटो मोठा करून बघा: पीळ घेत चढणारं बारीक खोड, दोन-तीन सेंटिमीटरची केसाळ शेंग, लहान काळपट बी. पिकलेली शेंग वाळताना पिळवटून तडकते, बी उडून जातं. म्हणून सुटे भाग ठेवायला शीटला चिकटवलेल्या पाकिटातही डोकवा. नुसत्या फुलांच्या शीटवर मात्र मी पैज लावणार नाही.