डायलिसिस सुरू झाल्यापासून वडिलांची लघवी कमी झाली आहे – मदत हवी आहे

मेधा_स: दिवाळीपूर्वी वडिलांचे डायलिसिस सुरू झाले. तोवर त्यांना लघवी भरपूर होत असे, आता दिवसभरात जेमतेम पेलाभर होते. हे मशीनमुळे झाले का? पाणी वाढवले तर लघवी वाढेल का? कृपया लवकर सांगावे.

गोदाकाठ: डायलिसिस रक्ताचे (मशीनवर रक्त गाळणारे) की पोटाचे (पिशवीतले द्रव पोटात सोडून घरी करायचे)? वडिलांचे वय काय, औषधे कोणती, दोन डायलिसिसांच्या मध्ये वजन किती वाढते? यांवाचून काय सांगणार?

आबा_वाईकर: रोज शहाळे आणि पुनर्नव्याचा काढा द्यावा. आमच्या मेहुण्यांचा मूतखडा त्यानेच पडला.

गोदाकाठ: आबा, विषय मूतखड्याचा नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात.

नीरजा: पोटाच्या डायलिसिसवर उरलेली लघवी अधिक काळ टिकते. माझ्या सासूबाई त्यावरच आहेत. तुम्हीही बदलून घ्या.

सांगलीचा_श्री: घरी स्वच्छ जागा आणि पिशव्या बदलणारे माणूस नसेल तर पोटात जंतुसंसर्ग होतो, हेही सांगा की.

नीरजा: नीट शिकवले तर सहसा होत नाही.

मेधा_स: डायलिसिस रक्ताचेच आहे. वय अडुसष्ट. मध्ये तीन-चार किलो वजन वाढते आणि शेवटच्या तासात बीपी उतरते. लघवीची गोळी बंद झाली आहे. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मात्र पूर्वीपासून चालू आहे.

गोदाकाठ: हे आधी सांगायला हवे होते. मूळ आजारामुळे उरलेले मूत्रपिंड हळूहळू थकतेच, पण मशीनवर थोड्या वेळात फार पाणी काढल्याने बीपी वारंवार उतरले, तर त्याचा रक्तपुरवठा तुटून ते लवकर थकते. डायक्लोफिनॅकही त्याला घातक आहे, त्याबद्दल डॉक्टरांना आजच फोन करा. चोवीस तासांची लघवी मोजून न्या आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारे औषध, पुन्हा देता येईल का, हे विचारा, कारण लघवी होत असेल तर ते पुष्कळदा चालू ठेवतात. या वयात प्रोस्टेटमुळेही लघवी तुंबते, म्हणून सोनोग्राफीबद्दलही विचारा.

सांगलीचा_श्री: महात्मा फुले योजनेचे कार्ड काढले आहे का?

मेधा_स: कार्ड आहे. पण पाण्याचे कोणीच सांगितले नाही.

गोदाकाठ: पाणी वाढवून लघवी वाढत नाही, सूज आणि धाप वाढते. साधारण हिशेब आदल्या दिवशीची लघवी अधिक पाचशे मिलिलिटर असा असतो. चहा, ताक, आमटी सारे त्यातच धरावे. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मीठही कमी करा, नाहीतर तहान आवरणार नाही.