बाळाचं नाव ‘महादजी’ ठेवलं तर बिघडलं कुठं?

आत्या_लष्करची

गेल्या रविवारी माझ्या भाच्याचं बारसं झालं, इथंच ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. नाव ठेवलं महादजी. फोटो कुणीतरी पुढे पाठवला आणि दोन दिवसांत आपल्याच ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत एक पोस्ट फिरायला लागली: ‘आजच्या काळात महादजी? हे नाव राजवाड्यात शोभतं. आईबापांची हौस होते, पोर मात्र शाळेतून रोज रडत घरी येतं.’ खाली हसण्याची चिन्हं.

बाळाच्या कानात ते नाव मी सांगितलंय, तेव्हा उत्तरही मीच देते.

ताटात तांदूळ पसरून आईच्या अंगठीनं मी नाव लिहिलं. ‘म’ आणि ‘हा’ नीट आले, ‘द’चं पोट विस्कटलं, ते वहिनीच्या आईनं करंगळीनं सारखं केलं. मघा नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर ‘मा’. सगळे म्हणाले माधव ठेवा. माधव चांगलंच नाव आहे, पण आमच्या घरात दोन माधव आहेत आणि गल्लीत आणखी तीन. बाळाच्या पणजोबांचं नाव महादेव. त्यांना त्यांची आई महादजी म्हणायची. घरातलं नाव होतं, ते घरात परत आणलं.

राजवाड्याचं म्हणाल तर शिवाजी महाराजांचे जावई, सखुबाईंचे यजमान, फलटणचे महादजी नाईक निंबाळकर. ते पाटीलबावांच्या, म्हणजे आपल्या महादजी शिंद्यांच्या, जवळपास शंभर वर्षं आधीचे. पेशव्यांकडे महादजी पुरंदरे होते, त्यांनाच महादोबाही म्हणत. मराठे, ब्राह्मण, सगळ्यांत हे नाव चालायचं. महादेवाचा महादजी, खंडोबाचा खंडोजी, बहिरोबाचा बहिर्जी. शिंदे थोर झाले म्हणून नाव त्यांच्या मालकीचं होत नाही.

माधौगंजवाला

पोस्ट माझी आहे. हसण्याची चिन्हं माझी नाहीत, तेवढं आधी सांगतो.

ताई, इतिहास मला शिकवू नका. पाटीलबावांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. माझा मुद्दा इतकाच की हे नाव पुण्यात ठेवा, साताऱ्यात ठेवा. इथं शाळेचा पट हिंदीत लिहितात. हिंदी माणसाला ‘जी’ हा नावाचा भाग वाटतच नाही. तो ‘महाद’ लिहिणार, थोडी जागा सोडणार आणि मग ‘जी’ लिहिणार. पाच वर्षांच्या पोराला बाई ‘जी’ कशाला म्हणतील? त्या ‘जी’ गाळणार. उरलं काय? महाद. त्याला ना अर्थ, ना चेहरा. वरून वर्गातली पोरं काय काय जोडतील ते वेगळंच.

मोडीवाचक

‘जी’ नावाचा भाग नाही हे हिंदीवाल्याला वाटलं तर समजू शकतो. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तसं वाटू नये. आपल्याच गादीवरची नावं बघा: जनकोजीराव, जयाजीराव, जीवाजीराव. ‘जी’ नुसता आदरापुरता असता तर त्यापुढे ‘राव’ कशाला लागला असता? आदर दाखवतो तो ‘राव’. ‘जी’ मुळात आदराचाच, पण तो नावात मुरलेला आहे. दुधातली साखर परत वेगळी काढता येते का? तानाजीतला ‘जी’ काढा, ताना उरतो. संताजीतला काढा, संता उरतो. कुणी काढतं का?

माधौगंजवाला

काढतात. इथं ‘शिवा जी’ असं तोडून लिहिलेल्या पाट्या मी रोज वाचतो. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावाची ही गत, तर तुमच्या भाच्याला कोण विचारतो?

फालकेबाजार

मोडीवाचकांचं ‘जी’चं पटतं. व्युत्पत्ती पटत नाही. महादजी हे माधवचंच रूप आहे. इंग्रजांनी त्यांना माधवराव सिंधिया लिहिलंय, कुठे माधोजी. पुढे घराण्यात माधवराव हेच नाव चाललं. म्हणजे माधव ठेवा म्हणणारे नातेवाईक बरोबरच होते.

दुसरं म्हणजे, आमची आजी हे नाव ठेवू देत नसे. पानिपतावर पाय गेलेल्याचं नाव पाळण्यात नको, म्हणायची. तिच्या माहेरी दत्ताजी, जनकोजी ही शिंद्यांची नावंसुद्धा वर्ज्य. एक बुराडी घाटावर गेला, दुसरा पानिपतावरून परतला नाही.

मोडीवाचक

इंग्रजांच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यांनी लिहिलं. त्यांनी शिंद्यांचं सिंधिया केलं, मग शिंदे हे सिंधपासून आलं म्हणायचं का? महादजी माधवपासून आलं असेल तर पुरंदऱ्यांना महादोबा का म्हणत? माधवचा माधोबा होईल, महादोबा कसा होईल? महाद हा महादेवच आहे.

आणि तुमच्या आजीबाईंबद्दल, त्यांचा मान राखून सांगतो. १४ जानेवारी १७६१ ला महादजींच्या पायावर घाव बसला, राणेखान भिश्त्यानं उचलून बैलावर घातलं आणि दक्षिणेत सुखरूप नेलं. त्या भिश्त्याला त्यांनी पुढे भाऊ मानलं, सरदार केलं. जन्मभर लंगडत चाललेल्या ह्या माणसानं १७७१ मध्ये दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी बादशहाला तिथं परत बसवलं. इंग्रजांशी १७८२ चा तह झाला तो आपल्या ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला. पाळण्यातल्या मुलाला ह्याहून चांगला आशीर्वाद कोणता द्यायचा?

सातारची_सून

मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले, वीस वर्षं झाली. ‘जी’वर सगळे भांडताहेत, पण हे नाव का मेलं ते कुणी बोलत नाही. हे नाव महादूमुळं मेलं. नाटकात गडी आला की तो महादू, नाहीतर रामा, नाहीतर धोंडू. फडकं खांद्यावर, बावळट हसू. पिढ्यान् पिढ्या लोक त्यावर हसले. माझ्या वडिलांचं नाव महादू. जिल्ह्याच्या गावी नोकरीला गेले आणि पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, ‘महादू, पाणी आण.’ वडील कारकून होते, शिपाई नव्हते. त्यांनी पाणी आणून दिलं. घरी येऊन आईला सांगितलं आणि मुलांची नावं ठेवताना अशोक, विजय, सुनील अशी ठेवली. चांगली नावं आहेत, पण आमच्या गावातल्या देवळात महादेव आहे, विजय नाही.

आत्याबाई, तुमच्या बाळाचं नाव वाचून मला रडू आलं. चांगल्या अर्थानं.

फालकेबाजार

हे लक्षात आलं नव्हतं. महादोबाचंही मान्य. आजीचं मात्र मी सोडणार नाही.

इंदूरची_लेक

पंधरा वर्षांपूर्वी मल्हार नाव ठेवलं तर लोक म्हणायचे, सुभेदार मल्हारराव होळकर का? आता इंदुरात कुठल्याही बागेत मल्हार म्हणून हाक मारा, चार पोरं वळून बघतील. नाव चार जणांनी ठेवलं की चालू लागतं.

माधौगंजवाला

मल्हार रागाचंही नाव आहे. गोड आहे, त्याला ‘जी’ नाही. तुमच्याकडे तुकोगंजात राहणाऱ्या कितींनी मुलाचं नाव तुकोजी ठेवलं?

बडोदेकर

हे मात्र खरं. बडोद्यात बाग सयाजींची, विद्यापीठ सयाजीरावांचं, दवाखाना सयाजींचा. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात सयाजी. पण सयाजी नावाचं एकही पोर मला आजवर भेटलं नाही. आणि खुद्द महाराजांचं जन्मनाव गोपाळ होतं. १८७५ ला दत्तक आले तेव्हा सयाजीराव झाले. म्हणजे हे नाव आईनं पाळण्यात दिलेलं नव्हे, गादीबरोबर आलेलं. तेव्हा आत्याबाई, राजवाड्याचं नाव हा आक्षेप निदान आमच्याकडे तरी अगदीच चूक नाही.

आत्या_लष्करची

बडोदेकर, सयाजींचं मानते. महादजींचं तसं नाही.

माधौगंजवाले, तुम्हाला एक विचारते. तुम्ही ती पोस्ट टाकण्याआधी बाळाच्या आईला विचारलं होतं का? तिनं परवा ती वाचली. बाळंतीण आहे, दीड महिना झालाय. रात्रभर मला विचारत होती, आपण चुकलो का? हिंदीवाल्यांची भीती तुम्ही घालताय. आमच्या शेजारच्या भदौरिया काकू बारशाला आल्या, त्यांनी एकदाच ऐकलं आणि पाळण्यावर वाकून ‘म्हारो महादजी’ म्हणाल्या. तोडला नाही त्यांनी. हसलं कोण? आपली माणसं. ज्यांच्या घरात आता आईला मम्मा आणि आत्याला बुआ म्हणतात, ते नाव जुनं आहे म्हणून हसताहेत. आधी आपल्या घरातलं मराठी सांभाळा.

माधौगंजवाला

माझ्या घरात काय बोलतात ह्यावर तुम्ही बोलायचं नाही. माझी मुलगी मराठी बोलते, वाचतेही.

मी सांगणार नव्हतो. आता सांगतो. माझं नाव जनकोजी. आजोबांनी ठेवलं. ज्या कळकळीनं तुम्ही अंगठीनं तांदळात लिहिलंत त्याच कळकळीनं. पाचवीत पटावर ‘जनको जी’ झालं. वर्गात ‘जन-को’, म्हणजे ‘लोकांना’. मधल्या सुट्टीत पोरं रांगेनं येऊन विचारायची, जन को क्या दिया? मी आठवीपर्यंत सहन केलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर जनक, जन्मदाखल्यावर जनकोजी, शिधापत्रिकेवर जनको. पहिली नोकरी लागली तेव्हा तीन कागदांवर तीन माणसं निघाली. रुजू व्हायला चार महिने लागले, तेही प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात आणि राजपत्र एवढं झाल्यावर. त्या चार महिन्यांत आजोबा गेले. मी नाव जनक करून घेतलं, ते त्यांना कळलं होतं. काही बोलले नाहीत. मला एकदा जनकोजी म्हणून हाक मारली आणि पाणी मागितलं.

म्हणून ती पोस्ट लिहिली. बाळाच्या आईला त्रास झाला त्याबद्दल मी माफी मागतो. नावाबद्दल मागणार नाही.

सातारची_सून

दादा, तुमच्या नावात खोट नव्हती. खोट पट लिहिणाऱ्याची.

माधौगंजवाला

पट लिहिणारा अजूनही तसाच आहे, वहिनी.

मोडीवाचक

जनकोजी, माझ्याकडून चूक झाली. मी दुधासाखरेची उपमा देत बसलो. तुमच्याशी असं बोलायला नको होतं.

आत्या_लष्करची

मम्मा-बुआचं मी रागात लिहिलं, तो शब्द परत घेते. नाव परत घेत नाही. वहिनीला तुमचं लिहिणं वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना विचारा की आता आम्ही करू काय?

माधौगंजवाला

जन्मनोंदणीत नाव अजून घातलेलं नसेल तर घाई करू नका. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. अर्ज स्वतः भरा, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. देवनागरीत आणि रोमनमध्ये एकच शब्द, मध्ये जागा नाही. टंकलेखन झालं की पडद्यावर स्वतः वाचा आणि मगच छापू द्या. ‘महाद जी’ दिसलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्या, नंतर करू म्हणू नका. शाळेत पहिल्या दिवशी दाखल्याची प्रत पटाशेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून बघा. दरवर्षी बघा, वर्ग बदलला की नवा पट होतो.

आणि बाईंना सांगून ठेवा की पोराला पूर्ण नावानं हाक मारायची.

आत्या_लष्करची

तुम्हालाही मारू का, जनकोजी?

माधौगंजवाला

मारा.